कॅनूतून नदी आणि प्रतिबिंबं टिपताना: बेळगाव, खानापूर, निपाणी, दांडेली भागासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्या भागात नद्यांची ददात नाही. कणकुंबीजवळ उगम पावणारी मलप्रभा खानापूरवरून पूर्वेला जाते. घटप्रभा, हिरण्यकेशी, मार्कंडेय, दूधगंगा, वेदगंगा आणि कृष्णा याच मुलखातल्या, आणि हल्याळ-जोयड्याकडे उतरलं की काळी. हातात कॅमेरा असलेले पुष्कळ जण या नद्यांवर जातात, पण बहुतेक जण पुलाच्या कठड्यावरूनच परततात. ज्यांना कॅनूत, म्हणजे वल्ह्यानं चालवायच्या निमुळत्या उघड्या होडीत बसून फोटो काढायचे आहेत, त्यांचे नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे आहेत.

पुलावरून चांगला फोटो येतो की! मग होडीत कशाला बसायचं?

उंचीसाठी. बाकी सगळी कारणं त्यानंतरची.

पुलावर कॅमेरा पाण्यापासून वीस-पंचवीस फूट वर असतो. कॅनूत गुडघे टेकून बसलात की तो जेमतेम अडीच फुटांवर येतो, आणि तेवढ्यानं चित्र पार बदलतं. पाण्याकडे सरळ खाली बघितलं तर पृष्ठभाग फक्त दोन टक्क्यांच्या आसपास प्रकाश परत पाठवतो. नजर जसजशी आडवी होते तसतसा हा वाटा वाढतो, आणि पाण्याशी पाच अंशांचा कोन झाला की तो निम्म्याच्या वर जातो. कॅनूतून बघताना हा पाच अंशांचा कोन पंचवीस-तीस फुटांवरच येतो, पुलावरून मात्र तो अडीच-तीनशे फुटांवर. म्हणजे पुलावरून पायाखालचं पाणी गढूळ नाहीतर काळपट दिसतं, आणि त्याच पाण्याचा कॅनूतून आरसा होतो.

दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. वरच्या देखाव्याची जशीच्या तशी उलटी प्रत पाण्यात कधी पडत नाही. कॅमेरा पाण्याच्या जितका वर, तितकाच पाण्याखाली नेऊन तिथून वर पाहिलं तर जे दिसेल, ते प्रतिबिंबात दिसतं. म्हणून उंचावरून काठामागचा डोंगर दिसतो, पण पाण्यात काठावरची झाडंच त्याला झाकून टाकतात. कॅमेरा खाली आणलात की डोंगर पाण्यातही उतरतो. खानापूरकडचे डोंगर मलप्रभेत पुरते हवे असतील तर खाली बसण्यावाचून इलाज नाही.

कॅनूच हवा का? कयाक किंवा नेहमीची होडी चालणार नाही?

चालेल. पण कॅनू वरून उघडा असतो, आत बॅग ठेवायला कोरडी जागा मिळते आणि वल्हं एकाच पात्याचं असतं. कयाकचं दुपाती वल्हं दोन्ही बाजूंनी पाणी गाळतं आणि बसायची जागाही ओली राहते. दांडेली-गणेशगुडीच्या बाजूला पर्यटकांसाठी कयाक आणि कॅनू भाड्यानं मिळतात. बेळगाव, खानापूर, चिक्कोडीकडे बहुतेकांना आपला हवेचा कॅनू न्यावा लागतो, किंवा मासेमारी करणाऱ्या काकांना विनंती करून त्यांच्या होडीत बसावं लागतं. काका वल्हवणार असतील तर फार उत्तम. पाण्याखाली काय आहे हे त्यांना पाठ असतं.

कृष्णाकाठी गुळाच्या काहिलीतून (गूळ शिजवायच्या मोठ्या गोल कढईतून) नदी ओलांडणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. ती त्यांच्या सवयीची गोष्ट आहे. काहिलीला टोक नसतं, जरा झुकलं की ती गोल फिरते. त्यात कॅमेरा घेऊन बसू नका.

नेमकं जायचं कुठे?

सुरुवात करायची तर खानापूर तालुका. असोग्याच्या रामलिंगेश्वराजवळ मलप्रभा खडकांमधून येते. पावसाळा सरल्यावर तिथल्या डोहांत पाणी शांत होतं आणि काठावरची झाडं पाण्यावर पार वाकलेली असतात. हब्बनहट्टीचा मारुतीही मलप्रभेच्या पात्रालगतच. पावसाळ्यात देऊळ पाण्याखाली जातं, नंतर मोकळं होतं. दोन्ही ठिकाणी पात्र अरुंद आहे. पण अरुंद पात्रालाच दोन्ही बाजूंनी आडोसा मिळतो, आणि वारा नसणं ही प्रतिबिंबाची पहिली अट आहे.

मोकळा विस्तार हवा असेल तर हिडकलचा जलाशय. घटप्रभेवरच्या या धरणात हुन्नूरचं जुनं विठ्ठल मंदिर बुडालेलं आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की ते वर येतं. देऊळ अर्धं पाण्यात असतानाचे दिवस थोडे असतात, पण प्रतिबिंबासाठी तेच खरे. दगडी खांबाची पाण्यावरची बाजू उन्हानं पांढरी पडलेली असते. त्याखाली ओलाव्याची काळी रेघ, आणि रेघेखाली तोच खांब उलटा. ती रेघ जिथे पाण्याला टेकते तिथे फोकस धरून बघा, मग देऊळ आणि पाणी वेगळे राहत नाहीत. तिथे बूट काढून वागा. पाण्यात असलं तरी ते देऊळच आहे.

कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगेचं वैशिष्ट्य वेगळं. कल्लोळ-यडूर, कारदगा-भोज, जत्राट-भिवशी या बंधाऱ्यांची नावं पुराच्या बातम्यांत आपण दरवर्षी वाचतो. पावसाळ्यानंतर बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातले की मागे लांबवर पाणी तुंबतं आणि नदी तळ्यासारखी निवांत होते. काठाला ऊस, मधे एखादी पाण्याच्या मोटारीची खोपी, वर आभाळ. डोंगर नाही, घनदाट झाडी नाही, म्हणून लोक इकडे फोटोला येत नाहीत. मला मात्र हा पट्टा फार आवडतो. आभाळाचं पूर्ण चित्र पाण्यात बघायचं तर सपाट मुलूखच लागतो.

काळीचं सौंदर्य सांगायला नको. गणेशगुडीच्या वर सुपा धरणाच्या पाण्यात बुडालेल्या झाडांचे वाळके बुंधे उभे आहेत. धुक्यात ते फार देखणे दिसतात. खाली दांडेलीकडे बांबू आणि दाट जंगल. पण तिथले नियम वेगळे, ते पुढे येतीलच.

कोणता महिना, कोणती वेळ?

सर्वांत चांगले महिने ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत. जून ते सप्टेंबर नदीत कॅनू घालायचा नाही, यावर चर्चाच नको.

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सूर्य साधारण सातच्या सुमारास उगवतो. तुम्ही साडेसहाला पाण्यावर असायला हवं. ऊन वर आलं की जमीन तापते, वारा सुटतो, आणि नऊ-साडेनऊनंतर पाण्यावर सुरकुत्या येतात. संध्याकाळी वारा पडतो, पण सकाळइतका नाही.

धुकं हवं असेल तर आभाळ निरभ्र आणि गारठा जास्त असलेली पहाट निवडा. रात्री हवा जितकी थंड होते तितकं नदीचं पाणी होत नाही. त्या कोमट पाण्याच्या वाफेचे थंड हवेत बारीक थेंब होतात आणि ती पांढरी दिसते. खानापूर-जोयड्याकडे ते जास्त मिळतं, सौंदत्तीच्या बाजूला कमी. धुक्यात कॅमेरा फसतो आणि फोटो करडा काढतो, म्हणून एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश) अर्ध्या ते एक स्टॉपनं वाढवा; एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश.

कोणत्या काठाकडे तोंड करून फोटो काढायचे?

हा प्रश्न लोक शेवटी विचारतात. खरं तर तो आधी विचारायला हवा.

प्रतिबिंब गडद आणि रंगीत यायचं तर दोन गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात: समोरच्या काठावर ऊन आणि तुमच्यासमोरच्या पाण्यावर सावली. पाण्यावर थेट ऊन पडलं की गढूळपणा उजळतो आणि प्रतिबिंब फिकटतं. आता आपल्या नद्या बघा. मलप्रभा, घटप्रभा, कृष्णा या सर्वसाधारणपणे पूर्वेला वाहतात, म्हणजे एक काठ उत्तरेला आणि एक दक्षिणेला. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेला उगवतो आणि दिवसभर दक्षिणेकडूनच जातो. त्यामुळे उत्तरेच्या काठावर ऊन पडतं आणि दक्षिण काठावरच्या झाडांची सावली पाण्यावर पसरते. म्हणून हिवाळ्यात दक्षिण काठाला चिकटून, सावलीतून कॅनू न्या आणि उत्तरेकडे बघा. प्रवाहाच्या दिशेनं तोंड केलं तर उत्तर काठ डाव्या हाताला येतो.

मे महिन्यात गणित उलटतं. सूर्य ईशान्येला उगवतो आणि सकाळी दक्षिण काठ उजळतो. वळणावर अर्थातच दिशा बदलतात, तेव्हा घरून निघण्याआधी नकाशात नदीचं वळण बघून ठेवा. हे एवढं केलं तर महागडी लेन्स घेण्यापेक्षा जास्त फरक पडतो.

पाणी स्थिर असतं, पण माझ्या फोटोत नेहमी लाटाच येतात. असं का?

कारण लाटा तुमच्याच आहेत. कॅनू पुढे जाताना त्याच्या टोकापासून दोन्ही बाजूंना लाटा तिरप्या फाकतात. पण टोकाच्या पुढचं पाणी अजून शाबूत असतं. म्हणून कडेला वळून काढू नका, समोर काढा. दोघं असाल तर फोटो काढणारा पुढे आणि वल्हवणारा मागे. जागेच्या बरंच अलीकडे वल्हवणं थांबवायचं आणि आलेल्या वेगावर कॅनू सरकू द्यायचा.

थांबल्यावर वल्हं उचलून मांडीवर घेतलंत तर पात्यावरून थेंब गळतात, आणि प्रत्येक थेंबाचं एक वर्तुळ झाडाच्या प्रतिबिंबाला छेदत जातं. पातं पाण्यातच, हलकंसं टेकवून राहू द्या. मागच्या माणसाला हे आधी सांगून ठेवा; तो बहुधा सौजन्यानं वल्हं वर उचलून धरतो. मग गप्प बसा. कॅनू थांबल्यावरही पाणी निवळायला वेळ लागतो, आणि त्या वेळात बहुतेकांचा धीर सुटतो. तोवर काठाकडे नजर ठेवा. बांबूवरचा खंड्या तुम्ही हलत नाही हे बघून पुन्हा खालच्या फांदीवर येऊन बसतो, आणि मग पाण्यात दुसरा खंड्या दिसतो.

प्रतिबिंब धूसर येतं. फोकस कुठे करायचा?

पाण्याच्या पृष्ठभागावर नाही. प्रतिबिंब पृष्ठभागावर चिकटलेलं नसतं. कॅमेऱ्यापासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून झाडापर्यंत, एवढं एकूण अंतर त्याचं असतं. म्हणून कमळाच्या पानावर फोकस केला की पान स्वच्छ येतं आणि पलीकडच्या झाडाचं प्रतिबिंब विरघळतं. दोन्ही हवी असतील तर लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ ११ पर्यंत लहान करा आणि रुंद लेन्स वापरा. एकच हवं असेल तर काठावरच्या झाडावर फोकस करा, प्रतिबिंब आपोआप जागेवर येतं.

कॅमेऱ्याचं सेटिंग सांगा.

शटर १/२५० किंवा त्याहून जलद, एफ ८, आयएसओ लागेल तेवढा. पहाटे ८०० ते १६०० ला घाबरू नका. थोडा दाणा चालतो, हललेला फोटो चालत नाही. फाइल रॉमध्ये (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या कच्च्या रूपात) ठेवा. लेन्स २४ ते ७० च्या आसपासची एकच न्या. होडीत लेन्स बदलायची नाही.

ट्रायपॉड?

नको. ट्रायपॉड होडीला धरून असतो आणि होडी हलत असते. लाँग एक्स्पोजर हवं असेल तर काठावर उतरा.

पोलरायझर लावू की काढू?

पोलरायझर म्हणजे पाण्यावरची चमक कापणारा, लेन्सवर फिरवायचा फिल्टर. त्याचा जोर पाण्याशी साधारण ३७ अंशांच्या कोनात सर्वांत जास्त असतो. कॅनूत बसल्यावर हा कोन तीन-साडेतीन फुटांवर, म्हणजे कडेलाच येतो. दूरच्या आडव्या नजरेत त्याचा प्रभाव कमी होत जातो. त्यामुळे फिल्टर फिरवला की पुढ्यातलं पाणी पारदर्शक होतं आणि लांबचं प्रतिबिंब बऱ्यापैकी टिकतं. खाली खडक किंवा पाणवनस्पती असतील आणि वर झाडांची छाया, तर एकाच फोटोत दोन्ही मिळतात. असोग्यासारख्या खडकाळ जागी हे करून बघाच. पाणी गढूळ असेल तर मात्र काढून ठेवा. तळाचा चिखल कोणाला बघायचाय?

पाणी तांबडं असेल तर प्रतिबिंब येतच नाही का?

येतं. पृष्ठभाग गढूळ पाण्यातही तेवढाच प्रकाश परत पाठवतो. फरक पडतो तो काळ्या भागांत. स्वच्छ खोल पाण्यात झाडाचं प्रतिबिंब काळं दिसतं, गढूळ पाण्यात तेच विटकरी दिसतं. उजळ आभाळाचं प्रतिबिंब मात्र छान येतं. नवरात्राच्या सुमारास पाऊस पडून गेला की आभाळ टिपा, झाडी दिवाळीनंतर.

काठाची रेघ नेहमी तिरकी येते. होडीच कलते का?

कधी होडी कलते, पण पुष्कळदा काठच तुमच्यापासून लांब वळत गेलेला असतो आणि म्हणून तिरका दिसतो. ती रेघ सरळ करायला गेलात तर बाकी सगळं वाकडं होईल. खूण पक्की आहे: कुठल्याही वस्तूचा शेंडा आणि प्रतिबिंबातला तोच शेंडा एकाच उभ्या रेषेत असायला हवेत. माडाचा शेंडा आणि पाण्यातला शेंडा जोडा, ती रेघ उभी असेल तर फोटो सरळ आहे.

मोबाइलनं जमेल?

छान जमेल. मोबाइल उलटा धरा म्हणजे लेन्स पाण्याच्या आणखी जवळ येते. अल्ट्रावाइड वापरू नका, काठ वाकतो. पडद्यावर उजळ आभाळाला बोट दाबून एक्स्पोजर लॉक करा. आणि दोरी मनगटात अडकवल्याशिवाय मोबाइल खिशातून बाहेर काढू नका.

कॅमेरा भिजू नये म्हणून काय करायचं?

ड्राय बॅग घ्या, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि बॅग दोन पायांच्या मधे ठेवा. पट्टा गळ्यात घालून वल्हवू नका. होडी उलटली तर तो अडकतो. पहाटेच्या गारव्यातून उबदार घरात परतल्यावर बॅग थोडा वेळ बंदच राहू द्या, नाहीतर गार लेन्सवर दव जमतं. आणि लाइफ जॅकेट अंगात. कितीही पोहता येत असलं तरी.

मगरी आहेत का?

आहेत. दांडेलीत काळीच्या काठावर उन्हं खात पडलेल्या मगरी गावातल्या पोरांनाही माहीत आहेत. कृष्णेतही आहेत. हिवाळ्यात सकाळी ऊन चढलं की त्या काठाच्या वाळूवर येतात. अशा काठाला कॅनू लावू नका, पाण्यात हात-पाय सोडू नका, आणि फोटोसाठी जवळ जाऊ नका. मासेमारी करणारे एखाद्या डोहाचं नाव घेऊन ‘तिकडं नको’ म्हणाले, तर तिकडं जायचं नाही.

आणखी कशाला जपायचं?

मगरींपेक्षा बंधाऱ्यांना. बरगे घातलेल्या बंधाऱ्याच्या मागे पाणी शांत दिसतं, पण दोन बरग्यांच्या फटीतून ते जोरानं ओढलं जातं. त्याच्या जवळ कॅनू नेऊ नका, आणि खालच्या बाजूला पाणी जिथे घुसळतं तिथे तर मुळीच नको. धरणाच्या खाली असाल तर विसर्गाची चौकशी करा. गणेशगुडीत सुपा धरणातून वीजनिर्मितीसाठी सोडलेल्या पाण्यावर नदीची पातळी दिवसातच वरखाली होते.

उसाच्या पट्ट्यात मोटारींच्या केबली आणि दोर पाण्यात लोंबत असतात. काठापासून थोडं अंतर राखा, केबलीला हात लावू नका. वाळू उपसलेल्या जागी उथळ पात्रात अचानक खोल खड्डे असतात. उतरून होडी ढकलायची वेळ आली तर आधी वल्ह्यानं तळ चाचपा. आणि गोकाकच्या धबधब्याच्या वर, जिथे घटप्रभा ५२ मीटर खाली कोसळते, तिथे कुणीही पाण्यात उतरायचं नाही. तो फोटो झुलत्या पुलाच्या बाजूनंच काढायचा.

परवानगी लागते का?

जंगलात लागते. दांडेली-जोयड्याचा मोठा भाग काळी व्याघ्र प्रकल्पात येतो आणि खानापूरचा पश्चिम भाग भीमगड अभयारण्यात, जे २०११ साली जाहीर झालं. वन खात्याला विचारल्याशिवाय तिथल्या पाण्यात होडी घालू नका. राकसकोप हे बेळगाव शहराच्या पिण्याच्या पाण्याचं तळं आहे, तिथे हट्ट धरू नका. धरणाच्या भिंतीजवळ फोटोला मनाई असते. बाकी नदीवर, ज्या गावाच्या घाटावरून उतरता तिथे दोन शब्द बोलून, कुणाचा तरी होकार घेऊनच उतरा. कन्नड येत असेल तर फारच बरं.

घाटावरच्या माणसांचे फोटो काढू का?

विचारून. धुणं धुणाऱ्या मावशी किंवा अंघोळ करणारी माणसं पाण्यावरून अचानक आलेल्या कॅमेऱ्यासमोर अवघडतात. त्यांना पळायला जागा नसते. कॅमेरा खाली ठेवा, रामराम करा, मग विचारा. नाही म्हटलं तर पुढे सरका. उत्तरक्रियेसाठी जमलेली मंडळी दिसली तर कॅमेरा बॅगेतच राहू द्या.

एडिटिंग किती करावं?

कमी. एक नियम पाळा: प्रतिबिंब मूळ वस्तूपेक्षा उजळ कधी नसतं. आपल्या डोळ्याला ते ठाऊक असतं, म्हणून खालचा भाग वरच्यापेक्षा उजळला की बघणाऱ्याला नेमकं कारण न कळताही फोटो खोटा वाटतो. रॉ फाइलमध्ये आभाळ जरा खाली आणा, पाणी जरा वर घ्या, पण आभाळ आणि पाणी यांत अर्धा-एक स्टॉपचा फरक राहू द्या. पाण्याला नसलेली निळाई देऊ नका. मलप्रभेचं पाणी हिरवट असतं, कृष्णेचं मातकट, आणि आपल्या भागातला माणूस फोटो बघून नदी ओळखतो.

पोरांना बरोबर नेऊ का?

पोहता येत असेल, जॅकेट नीट बसत असेल आणि तुम्ही त्या दिवशी कॅमेरा घरी ठेवणार असाल तर न्या. दोन्ही गोष्टींकडे एकाच वेळी लक्ष राहत नाही.